दोन घटकांनंतरचा पहिला घोट

पुण्याहून जालन्याच्या गाडीत बसले तेव्हा माझ्या बॅगेत कपड्यांपेक्षा पुड्याच जास्त होत्या. पाण्यात कालवायच्या पावडरी, मिठाच्या कॅप्सूल आणि जेल. जेल म्हणजे पळता पळता चोखून खायचा साखरेचा घट्ट पाक, पेनाएवढ्या लांब पाकिटात भरलेला. एक पुडी फुटली की काय म्हणून मी सगळं बाकावर मांडून बघत होते, तेव्हा समोरच्या गृहस्थांनी विचारलं, "औषधांच्या कंपनीत आहात का?"

"नाही. धावते मी."

त्यांनी पुड्यांकडे पाहिलं, मग माझ्या पायांकडे पाहिलं, आणि वर्तमानपत्र उघडलं.

मी साताऱ्यात शाळेत जीवशास्त्र शिकवते आणि पहाटे घाटात बायकांच्या एका गटाला लांब पल्ल्याचं धावणं शिकवते. आमच्या बायका पळायला तयार असतात, पण पळताना खायचं काय, यावर त्यांचं कधी एकमत होत नाही. त्यामुळे गेली काही वर्षं मी याच विषयाच्या मागे लागले आहे आणि आता मला त्यातलं बऱ्यापैकी कळतं, असं मी न लाजता सांगते. त्या भरवशावरच मी जालन्याला निघाले होते, सरलाकडे.

सरला मला भेटली ती आमच्याच घाटातल्या शर्यतीत, रस्त्याच्या कडेला बसलेली. ओठ पांढरे, हात गार. पाणपोईवरच्या स्वयंसेवकाने तिला जेल दिलं होतं. तिने पाकिटावरचं वाचलं, त्यात मध होता, तिने परत केलं. केळी संपली होती. उरले होते मीठ लावलेले उकडलेले बटाटे. ते आम्ही सगळे मिटक्या मारत खातो, पण सरला जैन आहे, जमिनीखाली पिकणारं काही खात नाही. मी तिच्याजवळ थांबले. पुढे रुग्णवाहिका आली, सलाईन लागलं, तिची शर्यत तिथेच संपली. फोनवरून मैत्री झाली ती त्यानंतर, आणि खरी गोष्ट कळली तीही फोनवरच. ती सूर्यास्तानंतर जेवत नाही. सकाळी सूर्योदयानंतर दोन घटका, म्हणजे पाऊण तासाहून थोडा जास्त वेळ होईपर्यंत, तोंडात काही घालत नाही, पाणीसुद्धा नाही. याला ते लोक नवकारसी म्हणतात. आता शर्यती सुटतात पहाटे पाचला. म्हणजे ही बाई आदल्या संध्याकाळच्या जेवणावर निम्मी शर्यत कोरडीच पळत होती.

यंदा तिला तीच शर्यत पुरी करायची होती. सासूबाईंनी अट घातली होती. आधी इथे, घरच्या माणसांच्या डोळ्यांसमोर तेवढंच अंतर पळून दाखव. सरलाने फोनवर मला त्यांचे शब्द जसेच्या तसे ऐकवले होते: "नियम मोडून पळणार असशील तर पळू नको. नियम पाळून पडणार असशील तरी पळू नको."

या दोन वाक्यांच्या मधून वाट काढायला मी चालले होते.

जालन्याच्या स्टेशनबाहेर सकाळचं ऊन पडलं होतं. डिसेंबरातलं, अंगावर घ्यावंसं वाटणारं. रिक्षावाल्यांच्या मागे बियाण्यांच्या कंपन्यांच्या पाट्या ओळीने लागलेल्या. पाटीपाटीवर बोंडं फुटलेली कपाशी आणि मक्याची कणसं. आमच्याकडे पाट्यांवर नेते असतात. सरलाचे यजमान पारसभाऊ घ्यायला आले होते. उंच, शांत माणूस. त्यांचं भुसाराचं दुकान आहे आणि दुकानावरच घर. घराणं राजस्थानातलं, पण पारसभाऊंचे आजोबासुद्धा जालन्यातच जन्मले. बोलणं पक्कं मराठवाड्याचं.

"ताई, एक सांगा," गाडी चालवता चालवता ते म्हणाले. "ती पळून राह्यली तं मला काई तकलीफ न्हाई. पण मागल्या टायमाला दवाखान्यातून फोन आल्ता ना, तवापासून ती बूट घालायला लागली की मी फोन खाली ठेवत न्हाई."

मी म्हणाले, "म्हणूनच आले आहे."

घरी माजी, म्हणजे सासूबाई, दारातच उभ्या होत्या. सत्तरी ओलांडलेल्या, ठेंगण्या, बारीक काठाचं लुगडं, नाकावर चष्मा. त्यांनी मला चहा दिला, नाश्त्याला फाफडा आणि पेरूची चटणी दिली आणि माझं खाणं होईपर्यंत समोर बसून राहिल्या. मग म्हणाल्या, "दाखवा, काय आणलं."

मी बॅग स्वयंपाकघरातल्या ओट्यावर रिकामी केली. मध असलेली पाकिटं मी साताऱ्यातच बाजूला काढली होती, त्यामुळे मी निर्धास्त होते. सरलाने एकेक पुडी उचलून बारीक अक्षरं वाचायला सुरुवात केली. मिठाच्या कॅप्सूल पहिल्याच गेल्या. आतलं मीठ चालत होतं, पण वरचं टरफल जिलेटिनचं, म्हणजे जनावरांच्या हाडाकातड्यापासून केलेलं. हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. एका लाल पावडरीत बीट निघालं, जमिनीखालचं. एका जेलमध्ये आल्याचा अर्क. ढीग दोन झाले आणि माझ्याकडे परत येणारा ढीग मोठा होता.

"वाईट वाटलं का?" सरलाने विचारलं.

मला खरं म्हणजे हलकं वाटत होतं. चाळीस पर्यायांतून निवडण्यापेक्षा चारांतून निवडणं केव्हाही सोपं. उरलं होतं ते असं: साध्या चवीचं एक जेल, त्यात साखर, मीठ आणि लिंबाचं सत्त्व सोडून काही नव्हतं. घरचं सैंधव. आणि खजुराचे लाडू, जे मी तिथेच करणार होते. लाडवांवर माझा भारी विश्वास होता. खजूर, गूळ, राजगिऱ्याच्या लाह्या. आमच्या गटातल्या बायका त्यावर घाट चढतात.

बाटलीतल्या पाण्यात घालायला एक पावडर हवी होती. ती आणायला दुपारी पारसभाऊंबरोबर स्टेशनाकडच्या एका दुकानात गेले. व्यायामशाळेतल्या मुलांसाठी चालवलेलं दुकान, भिंतभर बादलीएवढे डबे. मालक स्वतःच्या दंडांची जाहिरात करत काउंटरवर टेकलेले.

"भाभींसाठी हा घ्या," त्यांनी प्रोटीनचा सगळ्यांत मोठा डबा खाली काढला. "बिलकुल जल्दी ताकद."

"पळताना पोट प्रोटीन पचवत बसलं तर पायांना रक्त कोण देणार?" मी विचारलं.

"मंग पळून झाल्यावर घ्या."

"पळून झाल्यावर वरण-भात आहे."

ते हसले, डबा वर ठेवला. मग मला हवी ती पावडर त्यांनी बरोबर काढून दिली. मक्याच्या स्टार्चपासून केलेली, फारशी गोड नसलेली, नुसती ऊर्जा देणारी. वर म्हणाले, "ही पातळच ठेवा. घट्ट केली की पोट धरतं." माणूस जाणता होता. डबे विकणं हा त्याचा धंदा, त्याला तो तरी काय करणार?

धावण्याच्या आदल्या दिवशीचं जेवण सूर्यास्ताआधी, म्हणजे पाचच्या सुमाराला उरकायचं होतं. मी सांगितल्याप्रमाणे सरलाने भात, मुगाच्या डाळीची मऊ खिचडी आणि गूळ घेतला. माजी तुपाची वाटी घेऊन आल्या. मी हात आडवा धरला.

"तुपाशिवाय ताकद येती का कुठं?" त्या म्हणाल्या.

"येते माजी, पण तूप सावकाश पचतं. तिला आज भातच जास्त खाऊ दे. रात्रभर काही मिळणार नाही, तेव्हा हाच साठा पहाटे कामी येणार."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग एक चमचा तरी घातलाच. मीही हात काढून घेतला. एका चमच्याने काही बिघडत नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे राजूरच्या पुढे पारसभाऊंनी गाडी थांबवली. आदल्या आठवड्यात त्यांनी गाडीच्या मीटरवर मोजून ही जागा ठरवली होती. इथून भोकरदनवरून पिंपळगाव रेणुकाईपर्यंत बरोबर मॅरेथॉनएवढं अंतर. पिंपळगावात सरलाची शाळेतली मैत्रीण वंदना राहते, तिच्या दारात जाऊन थांबायचं. अंधार होता, थंडी अशी की बोलताना वाफ दिसत होती. मी सरलाबरोबर पळणार होते, पारसभाऊ मागून गाडी घेऊन.

पहिला तासभर आम्ही मुद्दाम सावकाश पळालो. साठा पुरवून वापरायचा तर वेग आवरायलाच हवा आणि सरलाने तो छान आवरला. मी माझी बाटली काढताना दोन पावलं मागे राहत होते. तिच्या लक्षात आलं.

"ताई, समोर प्या. मला काई होत न्हाई."

मग मी समोर प्यायले.

उजाडलं तसा मुलूख दिसायला लागला. काळी माती, वेचणी संपत आलेली कपाशी, बांधाबांधाने तुरीचे पट्टे. आमच्याकडे डोळ्यांना कुठेतरी डोंगर अडतो. इथे रस्ता पुढे दिसतो, दिसतच राहतो. धावणाऱ्याला हे अवघड, कारण मुक्काम कधी जवळ आल्यासारखाच वाटत नाही. सूर्य कपाशीच्या वर आला आणि खरी परीक्षा तिथून सुरू झाली. उजेड आला, ऊब आली, घाम आला, पण पाण्याला अजून दोन घटका होत्या.

सरला मंदावली. आधी बोलणं थांबलं, मग हात खाली लोंबायला लागले. शेवटी ती चालायलाच लागली. गाडी आमच्या बाजूला आली आणि पारसभाऊंनी खिडकीतून बाटली पुढे केली.

"घेऊन टाक दोन घोट. कोण बघून राह्यलंय इथं?"

"मी हाय ना," सरला म्हणाली. तिने ते रागाने म्हटलं नाही, नुसतं सांगितलं. पारसभाऊंनी बाटली आत घेतली.

तेवढ्यात दुधाचे कॅन लावलेली मोटारसायकल समोरून आली आणि एका काकांनी पाय टेकवला. "काय झालं, गाडी बंद पडली का?"

"न्हाई काका," सरला म्हणाली, "पळून राह्यलो आम्ही."

"गाडी असून?"

"हो."

काकांनी गाडीकडे, पारसभाऊंकडे आणि मग पुन्हा आमच्याकडे पाहिलं. "बरं," म्हणाले आणि गेले. सरला हसली आणि त्या हसण्यावर पुढचा बराच रस्ता निघाला.

वेळ झाल्याचं पारसभाऊंनी सांगितलं तेव्हा ती रस्त्याच्या कडेला थांबली, हात जोडले, डोळे मिटून मनातल्या मनात नवकार मंत्र म्हटला. मी लाडू पुढे केला. इथे माझा अंदाज चुकला. रात्रभर कोरड्या असलेल्या तोंडात खजूर चिकटून बसला. ती चघळत राहिली, चघळत राहिली, गिळता येईना, शेवटी हातात काढला. मग तिने बाटली तोंडाला लावली आणि जवळजवळ अर्धी एका दमात संपवली. मी अडवायच्या आत.

भोकरदन दिसायला लागलं होतं, तेव्हा ती पोट धरून वाकली आणि बांधावर ओकली. सगळं बाहेर आलं. मी तिची पाठ धरून उभी राहिले. तिचं झाल्यावर मी बाटलीत उरलेलं पाणी चाखून पाहिलं. ते पाणी नव्हतं, पाकच होता.

"पारसभाऊ, पावडर किती घातली?"

ते गाडीतून उतरले होते. चेहरा उतरलेला. "तुम्ही सांगितली त्याच्या डबल. म्हटलं, रातभर उपाशी हाय, थोडी जास्त ताकद..."

"पोट म्हणजे तुमचं गोदाम नाही हो, जागा आहे म्हणून पोती लावत जायला." मी हे बोलले खरी, पण बाटल्या मी स्वतः भरायला हव्या होत्या.

त्याच वेळी त्यांचा फोन वाजला. माजी होत्या. पारसभाऊंनी सरलाकडे पाहिलं. खोटं बोलायचं की काय, असा प्रश्न त्यांच्या डोळ्यांत होता. सरलाने हात पुढे केला.

"मला द्या. हां, माजी. उलटी झाली. हां, वेळ झाल्यावरच पाणी घेतलं. न्हाई, चक्कर न्हाई. मला अजून पळायचं हाय." मग ती ऐकत राहिली आणि फोन माझ्याकडे दिला.

"ती पडणार का?" माजींनी विचारलं.

मी सरलाकडे नीट पाहिलं. डोळे स्थिर होते, पण ओठ फिके पडले होते. "आत्ता सांगता येत नाही, माजी. अर्धा तास चालवते तिला, मग तुम्हाला कळवते. डोळे फिरले तर मी स्वतः गाडीत घालीन, तिचं ऐकणार नाही."

"बराबर बघा," त्या म्हणाल्या आणि फोन ठेवला.

भोकरदन आम्ही चालत पार केलं. मोंढ्याकडे, म्हणजे धान्यबाजाराकडे, मक्याच्या पोत्यांची वाहनं लागत होती, बसस्थानकात जालन्याची आणि संभाजीनगरची माणसं आपापल्या गाड्या शोधत होती, आणि शाळेच्या मुली दोन वेण्या पाठीवर टाकून या घामाने थबथबलेल्या दोन बायकांकडे बघत जात होत्या. मी हातगाडीवरून एक केळं घेतलं. साध्या पाण्यात चिमूटभर सैंधव. तिला मी एकावेळी एकच घोट दिला, मग पन्नासेक पावलं, मग पुन्हा एक घोट. पोट ओकून रिकामं झालं की ते रुसलेल्या माणसासारखं असतं, समजूत थोडी थोडीच काढावी लागते. गाव संपताना तिने अर्धं केळं खाल्लं. ते राहिलं.

मग मी ते साधं जेल काढलं. कारखान्यात केलेलं, चकचकीत पाकिटातलं. माझे घरचे लाडू डब्यात तसेच होते आणि मी एका कारखान्याच्या पाकावर सगळा भार टाकत होते, कारण तो चघळावा लागत नव्हता आणि पाण्याबरोबर लगेच उतरत होता. जे पोटात राहतं तेच अन्न, हे मी माझ्या बायकांना नेहमी सांगते. अर्धं पाकीट, वर पाण्याचे दोन घोट. थोडं चालून सरला म्हणाली, "ताई, पाय परत आले."

"पोट?"

"गप हाय."

मी माजींना फोन केला. "पळते आहे," एवढंच सांगितलं.

पिंपळगावचा रस्ता अरुंद होत गेला. दोन्हीकडे मका काढलेली रानं, मधेच हरभऱ्याचा ओला हिरवा पट्टा. ऊन चढलं होतं. आम्ही फार बोललो नाही. ठरावीक अंतराने मी हात पुढे करायची, ती अर्धं जेल घ्यायची, पाणी घ्यायची. पारसभाऊ आता प्रत्येक बाटली माझ्या हातात देऊन विचारायचे, "बराबर हाय का बघा." शेवटच्या चढाला तिचा वेग माझ्यापेक्षा जास्त झाला आणि मला तिला थांब म्हणायचा धीर झाला नाही. रेणुकामातेच्या देवळाचं शिखर दिसलं तेव्हा ती माझ्या बरीच पुढे होती.

वंदना रस्त्यावरच उभी होती, शेतातून आलेली, डोक्याला रुमाल बांधलेला. तिने सरलाला धरलं आणि पाठीवर एक चापट मारली.

"एवढं पळायला लावलं कोणी तुला? भोकरदनहून बस येती ना."

सरला तिच्या खांद्यावर डोकं टेकून उभी राहिली आणि मला दिसलं की ती रडते आहे. पारसभाऊ गाडीला टेकून दुसरीकडे बघत होते. मग त्यांनी रुमाल काढून बराच वेळ चष्मा पुसला.

वंदनाने कांदा-लसणाशिवाय मुगाची आमटी केली होती, ज्वारीच्या गरम भाकरी, ताक. सरलाने आधी ताक घेतलं, अर्ध्या तासाने पोटभर जेवली. वंदनाच्या ओसरीवर भिंतीला टेकून आम्ही दोघींनी पाय लांब सोडले आणि काही वेळ तशाच झोपलो.

सूर्यास्ताच्या आत जालन्याला पोचायचं होतं, तसं पोचलो. माजींनी सरलाला उजेडात उभं केलं, डोळ्यांच्या पापण्या खाली ओढून पाहिल्या, तळहात दाबून पाहिले. "बस," म्हणाल्या. मग पानं मांडायला गेल्या. मी पानावरून उठताना त्यांनी मला विचारलं, "तुमच्या साताऱ्याला सूर्य कधी उगवतो?"

"जालन्यापेक्षा थोडा उशिरा, माजी. आम्ही पश्चिमेला."

त्यांनी थोडा विचार केला. "मंग तिला तिकडं आणखी थोडं थांबावं लागल," त्या म्हणाल्या. "तेवढं ध्यानात ठेवा."

सरला माझ्यामागे भांडी गोळा करत होती. भांड्यांचा आवाज थांबला.

सकाळच्या गाडीने मी निघाले. परतीचा प्रवास लांबचा आणि पाय जड, त्यामुळे विचार करायला भरपूर वेळ होता. इतकी वर्षं मी बायकांना विचारत आले, तुला पळताना काय हवं. आता मी आधी विचारणार आहे, तू काय खात नाहीस, आणि का. उत्तर कधी वैद्यकाचं असेल, कधी धर्माचं, कधी नुसत्या न आवडण्याचं. तिथून सुरुवात केली की निवड आपोआप लहान होते, आणि लहान निवड नीट तपासून घेता येते. लाडू मी पुन्हा करणार आहे, पण ते चढ संपल्यावर, तोंड ओलं असताना खायला.

घरी पोचल्यावर दोन दिवसांनी घाटात पळायला गेले तेव्हा सहज ठरवलं, सूर्योदयानंतर दोन घटका होईपर्यंत आपणही पाणी घ्यायचं नाही. पहिल्या मोठ्या वळणापर्यंत कशीबशी गेले. तिथे कठड्यावर बसले, बाटली काढली आणि पोटभर प्यायले. मला त्याची लाज वाटली नाही. नियम तिचा आहे, तो तिनेच पाळायचा. तो पाळूनही ती शेवटपर्यंत पोचेल एवढं बघणं माझं काम, आणि ते मला येतं.